शनिवारी फोन का लागत नाही

ती. आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

गेले आठ महिने शनिवारी सकाळी माझा फोन लागत नाही आणि दुपारी मी "कामात होते" असे सांगते. आई, "शनिवारीसुद्धा ऑफिस?" असे तू एकदा विचारलेस, तेव्हा मी विषय बदलला. तो खोटेपणा तेव्हापासून बोचतो आहे. फोनवर सांगायला गेले तर तू मध्येच रडशील, बाबा गप्प होतील आणि माझे सांगणे अर्धेच राहील, म्हणून हे पत्र. मी पिस्तूल चालवायला शिकते आहे. नेमबाजीच्या रेंजवर, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, ९ मिलिमीटरच्या आणि वर रेड डॉट साईट, म्हणजे नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच, बसवलेल्या पिस्तुलाने. पुढच्या महिन्यात क्लबच्या छोट्या स्पर्धेत नावही दिले आहे. मी परवानगी मागत नाही, कळवते आहे. हे वाक्य मी किती वेळा खोडून पुन्हा लिहिले ते तुम्ही पाहिले असते, तर माझ्यावर रागावला नसता.

काकांच्या त्या दुपारनंतर आपल्या घरात हा विषय कोणी काढत नाही, हे मी विसरलेले नाही. पहिल्या दिवशी पिस्तुलाला हात लावू देण्याआधी आमच्याकडून चार नियम पाठ करून घेतले गेले आणि त्यांतला पहिलाच ऐकून माझ्या पोटात गोळा आला: प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजून हाताळायचे, ते आत्ताच रिकामे करून पाहिलेले असले तरीही. त्या दिवशी घरात कोणीतरी एवढेच मानले असते तर, असा विचार मी तिथे उभ्या उभ्या केला. बाकीचे नियम असे की ज्याला इजा व्हायला नको त्याच्याकडे नळी वळवायची नाही, नेम धरून झाडायचे ठरेपर्यंत बोट चापावर न्यायचे नाही, आणि लक्ष्याच्या मागे काय आहे हे ठाऊक असल्याशिवाय गोळी सोडायची नाही. सराव संपला की मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढून, स्लाईड (वरचा सरकता भाग) मागे ओढून, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून मगच पिस्तूल खाली ठेवायचे असते. ते माझ्या मालकीचे नाही, रेंजच्या कुलपात राहते आणि घरी आणण्याचा माझा विचार नाही. आई, हे शेवटचे वाक्य तू दोनदा वाच.

माझी आबाळ होते आहे असेही समजू नकोस. पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानांत फोमचे बोळे आणि त्यांवर इअरमफ असे दुहेरी संरक्षण मी घेते, डोळ्यांवर जाड चष्मा असतो आणि हवा खेळती राहील अशी व्यवस्था रेंजवर आहे. गोळ्यांमुळे शिशाची धूळ हाताला आणि कपड्यांना लागते, म्हणून हात-तोंड साबणाने धुतल्याशिवाय मी काही खात नाही आणि ते कपडे वेगळे धुते. मी माझे कान इतके जपते आणि तू तुझे श्रवणयंत्र कपाटात ठेवून देतेस, याविषयी पुढे बोलेनच.

या वयात हे कशाला, असे तुम्ही विचाराल. खरे सांगायचे तर सुरुवात साध्या कुतूहलाने झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात ती संपण्याची वेळ आली, कारण मला चाळिशी लागली आहे. साध्या पिस्तुलावर मागे खाच आणि पुढे खुंटी असते. खाचेच्या मध्यभागी खुंटी, तिचा माथा खाचेच्या कडांशी समपातळीत आणि त्यापलीकडे लक्ष्य, अशा तीन अंतरांवरच्या तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होतो, म्हणून खुंटी स्पष्ट पाहायची आणि लक्ष्य धूसर राहू द्यायचे असा रिवाज आहे. माझी खुंटीच धूसर दिसू लागली. वाचायच्या चष्म्याने ती नीटशी दिसेना आणि लक्ष्य मात्र पार नाहीसे झाले. तेव्हा प्रशिक्षकांनी रेड डॉटचे पिस्तूल हातात दिले आणि सांगितले की आता खुंटी विसरायची, दोन्ही डोळे उघडे ठेवून फक्त लक्ष्याकडे पाहायचे, लाल ठिपका आपोआप त्यावर येऊन बसेल.

बाबा, हे यंत्र तुम्हांला आवडेल, कारण त्यात तुमचा दाढीचा आरसाच आहे. मी आठ-नऊ वर्षांची असताना तुम्ही अंगणात त्या आरशाने सूर्याचे ऊन कागदावर एका बिंदूत गोळा केले होते आणि कागद धुमसू लागल्यावर आईची बोलणी आपण दोघांनी मिळून खाल्ली होती. इथे तेच उलट्या दिशेने घडते. वक्र काचेच्या नाभीपाशी, म्हणजे आरशाने ऊन जिथे गोळा होते तशा बिंदूपाशी, एक इवलासा एलईडी दिवा असतो. त्याचा लाल प्रकाश काचेवरच्या लेपावरून परावर्तित होतो आणि समांतर किरणांच्या रूपाने डोळ्यांत येतो, म्हणून ठिपका काचेवर न दिसता दूर, लक्ष्यावर तरंगतो आहे असे वाटते. डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी नेम फारसा ढळत नाही. लेझरसारखा प्रकाश समोरच्यावर मुळीच पडत नाही. ठिपका फक्त पाहणाऱ्याला दिसतो. डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली अशा परावर्तक साईटचे पेटंट घेतले होते आणि विजेवर चालणारी पहिली रेड डॉट साईट स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ साली बाजारात आणली. ऑलिंपिकच्या पिस्तूल प्रकारांत मात्र ती अजूनही चालत नाही, तिथे उघड्या साईटच लागतात. तेव्हा माझे छायाचित्र वर्तमानपत्रात येईल या आशेवर शेजारी काही बोलून ठेवू नका.

वाटते तितके हे सोपे नाही. पहिले तीन शनिवार मला ठिपका सापडतच नव्हता. पिस्तूल वर आणावे तर काच रिकामी, मग मनगट फिरवून, मान वाकवून त्याला शोधत बसावे. उपाय असा निघाला की मान ताठ ठेवून आधी लक्ष्याकडे पाहायचे आणि पिस्तूल नजरेच्या रेषेत आणायचे. डोके पिस्तुलाकडे न्यायचे नाही. तरीही मी काचेतच डोकावते आहे हे पाहून प्रशिक्षकांनी तिच्या पुढच्या बाजूला चिकटपट्टी लावून टाकली. गंमत म्हणजे तरीही नेम धरता येतो, कारण एक डोळा ठिपका पाहतो, दुसरा लक्ष्य पाहतो आणि दोन्ही चित्रे मेंदू एकावर एक ठेवतो.

दुसरी अडचण ठिपक्याच्या आकाराची निघाली. तो गोल दिसण्याऐवजी मला स्वल्पविरामासारखा, शेपूट फुटलेला दिसे. मी साईटलाच दोष देत होते. कोणीतरी सुचवल्यावरून काचेतून फोनने छायाचित्र काढले, तर त्यात ठिपका अगदी वाटोळा होता. दोष माझ्या डोळ्यांत होता. डॉक्टरांनी तपासून चष्म्याला सिलिंडरचा (डोळ्याच्या असमान वक्रतेसाठीचा) नंबर दिला, चष्मा बदलला, साईटचा उजेडही थोडा कमी केला आणि शेपूट बरेचसे गेले. दोन वर्षे रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे फिसकारलेले दिसत होते, त्याचे कारणही तेच असावे.

तिसरी गोष्ट मात्र तुम्हांला सविस्तर सांगायची आहे. ठिपका कधीच स्थिर राहत नाही. माझ्या साईटचा ठिपका कोनाच्या मापाने ३ मिनिटांचा, म्हणजे अंशाच्या विसाव्या भागाएवढा आहे. २५ मीटरवर तो जेमतेम २२ मिलिमीटर जागा झाकतो आणि तेवढा छोटा असल्यामुळे हाताची प्रत्येक थरथर उघडी पाडतो. मी ती थांबवायला धडपडत होते, ठिपका नेमका मधोमध आला की झटक्याने चाप ओढत होते आणि गोळ्या खाली जात होत्या. मग प्रशिक्षकांनी मला न सांगता मॅगझिनमध्ये एक खोटे काडतूस मिसळले. त्याच्या पाळीला आवाज झालाच नाही, पण ठिपका मात्र बुडी मारल्यासारखा खाली गेला, कारण धक्क्याच्या भीतीने मीच नळी खाली दाबली होती. मला फार लाज वाटली. त्यांनी एवढेच सांगितले की हात सर्वांचाच हलतो. ठिपका लक्ष्यावर फिरत असेल तर फिरू द्यावा आणि चाप हळूहळू, सरळ मागे दाबत राहावा. तसे केल्यावर गोळ्या जवळजवळ पडू लागल्या.

बाबा, हे शिकत असताना मला सतत तुमचा उजवा हात आठवत होता. मागच्या वेळी आले तेव्हा तुम्ही पेला डाव्या हाताने उचलत होता आणि उजवा हात टेबलाखाली ठेवत होता. मी पाहिले, पण बोलले नाही. तुम्हांला ते आवडले नसते. आता बोलते. माझी थरथर हात ताणून धरल्यावर होते, दमल्यावर किंवा कॉफी जास्त झाल्यावर वाढते, आणि तशी प्रत्येकाला असते. तुमचा हात मांडीवर स्वस्थ असतानाही हलत होता. त्याचा अर्थ मी लावत बसणार नाही, तो डॉक्टरांनी लावायचा आहे. कारण अगदी किरकोळ असू शकते आणि मला तसेच वाटते आहे, पण न दाखवता ते कळणार नाही. मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ या आठवड्यात घ्यायची. "बघू" चालणार नाही. जाताना चालू औषधांची यादी न्या, कारण काही औषधांनीही हात थरथरतो. त्यांच्यासमोर हात खिशात घालू नका.

आई, तू बाबांबरोबर आत जायचे आणि काय सांगितले ते लिहून आणायचे. त्यासाठी यंत्र कानात असले पाहिजे. माझ्या साईटमध्ये आणि तुझ्या यंत्रात सारखीच नाण्याएवढी बॅटरी लागते अशी माझी समजूत होती, पण तुझी त्याहून बारीक निघाली. सहा महिन्यांचा साठा पाठवला आहे, वरचे चिकट कागद वापरायच्या वेळीच काढ. मी रागावून लिहिते आहे असे वाटले तर मागचा परिच्छेद सोडून आरशाचा परिच्छेद पुन्हा वाचा.

येत्या शनिवारी बारा वाजता रेंजवरून बाहेर पडले की लगेच फोन करीन. डॉक्टरांची वेळ कोणत्या दिवसाची मिळाली ते आधी सांगायचे, मग मला हवे तेवढे रागवा. तो आरसा अजून असेल तर टाकू नका.

तुमची,
चिमी