निचिवो

प्रिय शिऱ्या,

आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. तब्येत ठीक, गुडघा थोडा कुरकुरतो. आज लिहितोय ते आजीमुळे. आपल्या होस्टेलच्या दारावरच्या.

दर रविवारी तिला फोन करून रशियनमध्ये कसं काय विचारायचो. "काक दिला?" "निचिवो." म्हणजे बरंय, असं धरून मी मॉस्कोत निवांत. साप्सान गाडीने चार तासांचं पीटर्सबर्ग, पण दोन वर्षं गेलो नाही. परवा गेलो. वासिलेओस्त्रोव्स्काया मेट्रो स्टेशनचे ते लिफ्टसारखे दरवाजे अजून तसेच आहेत. पाच ट्युलिप घेतले. सम फुलं मयताला, हे तिनेच आपल्याला शिकवलेलं. दार शेजारणीने उघडलं. आजी खाटेवर. खुब्याचं हाड मोडून चार महिने झालेत, शिऱ्या! उशाशी फोन, त्याच्या वायरीला रुमाल बांधलेला, हाताला लागावी म्हणून. माझा चेहरा बघून उलट मलाच म्हणाली, "निचिवो, निचिवो."

या शब्दावरून आपण किती भांडलोय! तू पहिल्या आठवड्यात लिहिल्याबरहुकूम 'निचेगो' वाचलंस आणि अख्खं स्वयंपाकघर हसलं. इथे ग लिहायचा आणि व म्हणायचा, 'सिवोद्न्या'त म्हणतात तसा, हेही आजीचंच. तू म्हणायचास, मूळ अर्थ 'काही नाही', तोच खरा. मी म्हणायचो, कसं काय विचारल्यावर 'काही नाही' कोण म्हणतं? नेव्हा नदीवरचे पूल रात्री जहाजांसाठी उचलले म्हणून पहाटे परतलो, निचिवो. तिची किटली लवंडलीस, निचिवो. पुरणपोळी खाल्ली तेव्हा मात्र "निचिवो सिब्ये!", म्हणजे अबब, डोळे एवढे मोठे करून.

आई 'काही नाही रे' म्हणाली की आपण आधी तिच्या कपाळाला हात लावून बघतो. आजी तेच म्हणत होती, आणि मी कोशातला 'बरंय' हा अर्थ घेऊन फोन ठेवत होतो. तू बरोबर होतास.

आता रात्री झोप नाही. शेजारीण ब्रेड, दूध आणून देते, पण ती कामावर गेल्यावर दिवसभर कोण? मॉस्कोला चल म्हटलं तर तिने तोंड भिंतीकडे केलं. कामाला बाई बघतोय. दर पंधरा दिवसांनी जाणार, तिकिटं काढलीत.

तुझ्या घराचं काम संपलं का? लेकीचा दहावीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

तिने तुझी चौकशी केली. "निचेगो कसा आहे?" म्हणाली. नंबर तोच आहे, फोन कर. ती निचिवो म्हणेलच; तिथे थांबू नकोस. आज काय खाल्लंस, उठून बसलीस का, कोण आलं होतं, सगळं विचार.

तुझा,
अव्या