दिवाळसणाच्या टेबलावरची महिरप

पुणे,
विजयादशमी

प्रिय सुनीता,

तुझा मेसेज वाचला. जावईबापूंचा पहिला दिवाळसण, पाडव्याला दुपारचं जेवण, सहा फूट बाय तीन फुटांचं टेबल, त्यावर सहा जण आणि मुलं खाली पाटावर. वर तुझी अट, की ताटाभोवतीची सजावट, म्हणजे अर्धगोल महिरप, हातानं केलेली हवी, भाड्याची नको. हे फोनवर सांगण्यासारखं नाही, मापं आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. तीन आठवडे हातात आहेत, भरपूर झाले.

सगळ्यात आधी ताट मोज. बाजारातली महिरप आणि रुखवतातली महिरप फसते ती इथेच. महिरप सुंदर असते, पण ताट आत बसत नाही, किंवा बसतं आणि वाटी-भांड्याला जागा उरत नाही. तुझी ताटं 30 सेंटीमीटर व्यासाची आहेत असं धरून हिशेब देते. ताट आणि महिरप यांत अडीच सेंटीमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर ताट उचलताना महिरपही बरोबर येते. म्हणजे महिरपीच्या आतल्या अर्धवर्तुळाची त्रिज्या साडेसतरा. पट्टी चार सेंटीमीटर रुंद, म्हणून बाहेरची त्रिज्या साडेएकवीस. एका महिरपीची एकूण रुंदी झाली 43 सेंटीमीटर.

आता टेबल. ताट काठापासून दोन सेंटीमीटर आत ठेवलंस तर महिरपीचं टोक काठापासून साडेअडतीसवर येतं. समोरासमोर दोघं बसले की 77 गेले. टेबलाची रुंदी 91, म्हणजे मधे उरली जेमतेम 14 सेंटीमीटरची पट्टी. त्यामुळे मधोमध तो रुंद रनर (लांब कापडी पट्टा), फुलदाणी आणि पुरणपोळीचा डबा, हे तिन्ही विसर. रनर टाकलास तर तो महिरपीखाली जाईल, महिरप तिरकी बसेल आणि दोन्ही गोष्टी दिसणार नाहीत. दोन्हीपैकी एकच घ्यावं, आणि माझं मत विचारशील तर महिरपच. वाढायची भांडी शेजारच्या लहान टेबलावर ठेव.

टोकाच्या दोन खुर्च्यांचा प्रश्न वेगळा. सहा फुटी टेबलावर दोन्ही टोकांच्या महिरपी धरूनही लांब बाजूला दोन-दोन महिरपी कशाबशा मावतात. पाच फुटी टेबल असतं तर कोपऱ्यात फार दाटी झाली असती. खात्री करायची तर वर्तमानपत्राच्या सहा महिरपी कापून ताटांसकट मांडून बघ, खुर्च्या ओढून बस आणि पोळी मोडायचा अभिनय कर. कोपर शेजारच्या महिरपीला लागलं तर पट्टी तीन सेंटीमीटरची कर. पुठ्ठ्याला हात लावायच्या आधी हे करायचं.

आता साहित्य. दोन मिलिमीटर जाडीचा करडा पुठ्ठा, 22 बाय 28 इंची शीट. एका शीटमध्ये तीन महिरपी निघतात, म्हणून दोन पुरतील, पण तीन घे. वर लावायला खण एक मीटर. खणाचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण 30 इंच असतो, पण दुकानात स्वतः मोजून घे, आणि पन्ह्यात तीन महिरपी एकाखाली एक बसतात का ते कागदी नमुना ठेवून बघ. सगळ्या महिरपी एकाच दिशेने काप. एक जरी आडवी कापली गेली तरी उजेडात तिचा रंग वेगळा दिसतो, खणाची वीणच तशी आहे. रंग गडद घे, जांभळा किंवा बाटली-हिरवा. पिवळ्यावर आणि मोतिया रंगावर आमटीचा एक थेंब पडला की संपलं, हळदीचा डाग खणावरून निघत नाही. ओला पांढरा रुमाल खणावर घासून बघ, रंग उतरला तर तो खण टेबलासाठी नको. गोटा किंवा लेस लावायची तर आतली कड 55, बाहेरची साडेसदुसष्ट आणि दोन टोकं चार-चार, म्हणजे प्रत्येकी सुमारे 130 सेंटीमीटर. सहांना आठ मीटर घे. तुमच्याकडे लेस मिळेलच. इकडे असतीस तर तुला बोहरी आळीत धाडलं असतं, रविवार पेठेत हे सगळं एका गल्लीत मिळतं.

पुठ्ठ्यावर अर्धवर्तुळ काढायला कंपास पुरत नाही. टाचणी, दोरा आणि पेन्सिल घे. दोरा ताणणारा नको, शिवणाचा सुती दोरा चालेल. कापताना कटर एकदाच जोरात दाबून फिरवू नकोस. हलक्या हातानं त्याच रेषेवरून चार-पाच वेळा फिरव, म्हणजे कड फुटत नाही.

खण चिकटवणं हेच खरं कौशल्याचं काम. कापड पुठ्ठ्यापेक्षा सगळीकडून दीड सेंटीमीटर जास्त काप. फेविकॉल पुठ्ठ्याला लाव, कापडाला नाही, आणि ब्रशने अगदी पातळ थर दे. जाड लावलास तर तो खणातून वर येतो आणि वाळल्यावर काळपट ठिपके दिसतात, ते निघत नाहीत. कापड वरून बसवून हातानं मधून कडेकडे साफ कर. मग उलटं कर. आतल्या कडेला दर दोन सेंटीमीटरवर सरळ चिरा दे, पुठ्ठ्यापासून दोन मिलिमीटर आधी थांब, आणि एकेक पाकळी मागे वळवून चिकटव. चिरा दिल्या नाहीस तर आतली कड ताणली जाते आणि समोर सुरकुत्या येतात. बाहेरच्या कडेला उलट गंमत, तिथे कापड जास्त होतं, म्हणून व्ही आकाराच्या खाचा कापून काढायच्या, नाहीतर मागे गाठी जमतात आणि महिरप टेबलावर डुगडुगते.

आता सगळ्यात जास्त लोकांचं जिथे चुकतं ते. एका बाजूला ओला डिंक लागला की पुठ्ठा फुगून वाळताना वाकतो, सकाळी उठून बघावं तर सगळ्या महिरपी पापडासारख्या वळलेल्या. उपाय सोपा आहे. वरची बाजू झाली की लगेच खालच्या बाजूलाही कागद चिकटव, जुन्या कॅलेंडरचं पान उत्तम. मग दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं रचून रात्रभर दाब. दोन्ही बाजूंचा ओलावा सारखा वाळतो, पुठ्ठा सपाट राहतो. गोटा दुसऱ्या दिवशी लाव. तो ग्लू-गनने लावशील तर टोकं आणि जोड तेवढे चिकटव, कारण गरम गोंद कडेनं जाड बसतो. आणि गरम वरणाची वाटी महिरपीला टेकली तर तो मऊ होऊन सुटतो, हेही लक्षात ठेव. थर्माकोलचा विचारही करू नकोस. 2018 पासून महाराष्ट्रात त्याच्या सजावटीवर बंदी आहे, शिवाय त्याचे दाणे ताटात उडतात.

महिरपीवर कुंदन, आरसे, मोती लावायचे तर जमिनीला समांतर लाव, उंच काही नको. खाली पंगतीत वाढपी समोरून येतात, टेबलावर मात्र मागून, खांद्यावरून वाढतात. अर्ध्या विताची उभी फुलं लावलीस की तुपाच्या पळीचा हात त्यात अडकलाच म्हणून समज. महिरप दीड सेंटीमीटरच्या वर जाऊ नये. डाव्या बाजूला मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, हा सगळा पसारा ताटाच्या आत बसणार आहे. पाण्याचं भांडं महिरपीच्या बाहेर, उजव्या अंगाला.

दरवर्षी वापरायची असेल तर मोत्यांची महिरप खणापेक्षा टिकाऊ, साबणाच्या पाण्यातून काढली की झालं. आठ मिलिमीटरचे मोती घेतलेस तर आतल्या एका रांगेला साधारण सत्तर लागतात, आणि तीन-चार रांगांची जाळी करायची म्हणजे प्रत्येकी तीनशेच्या आसपास. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, 0.4 मिलिमीटरची घे, पातळ घेतलीस तर मोत्याच्या भोकाच्या कडेने कापली जाते. तंगूस निसरडी असते, साधी गाठ सुटते, म्हणून दुहेरी गाठ मारून टोक शेजारच्या दोन मोत्यांतून परत ओवायचं. पण सहा महिरपी मोत्यांच्या, तीन आठवड्यांत, फराळ सांभाळून? नको. जावईबापू आणि लेक यांच्या दोन मोत्यांच्या कर, बाकी खणाच्या.

मधल्या चौदा सेंटीमीटरच्या पट्टीत ताजी फुलं चांगली. झेंडूच्या पाकळ्या ओढल्या की सुटतात, शेवंती तशी गळत नाही, म्हणून ताटाजवळ शेवंती आणि लांब झेंडू. आंब्याची पानं आदल्या दिवशी पुसून ठेवलीस तरी तजेलदार राहतात. गुलाबाच्या पाकळ्या मात्र अगदी शेवटी टाक, दाबल्या की तासाभरात काळ्या पडतात. बाजारातल्या फुलांवर औषध मारलेलं असतं, फूल ताटात पडता कामा नये. फुलं लक्ष्मीपूजनाच्या आधी घेऊन ठेव, त्या दिवशी भाव विचारायची सोय नसते.

दुपारचं जेवण आहे, पंखा लागणार, तेव्हा टेबलावर पणत्या लावू नकोस. एकतर टिकणार नाहीत, आणि ओढणी-पदरांची ये-जा तिथेच. लावायच्याच तर शेजारच्या टेबलावर, बशीत. मातीच्या पणतीतून तेल झिरपतं आणि कापडावर गोल डाग उठतो. पणत्या रात्रभर पाण्यात भिजवून पूर्ण वाळवल्या तर झिरपणं कमी होतं, बंद होत नाही. रंगवायच्या असतील तर बाहेरून रंगव, वातीच्या चोचीला रंग नको, तो जळून वास येतो.

पंख्यामुळेच टेबलावर रांगोळी टाळ. खाली मुलांच्या पाटांपुढे मात्र हवीच. दुकानातली रांगोळी दगडाची भुकटी आणि रंग, जेवणाजवळ अजिबात नको. तांदळाचं पीठ वापर. कोरडं पीठ चिमटीतून नीट सुटत नाही, गोळे होऊन पडतं, म्हणून थोडं रवाळ दळलेलं घे. पण मुलं बसायच्या आधीच ते फिसकटणार. त्यापेक्षा चार चमचे पिठात पाणी घालून ताकाइतकं पातळ कर, कापसाच्या बोळ्याने किंवा बोटाने फरशीवर महिरप काढ. काढताना पांढरी दिसत नाही, घाबरू नकोस, वाळली की उठून दिसते. पाऊण तास धर. नंतर ओल्या फडक्याने एका हातात पुसली जाते.

कापडी नॅपकिनचं कमळ करायचं म्हणालीस. सुती हवं, चाळीस सेंटीमीटर चौरस, आणि खळ हवीच. सॅटिनचं कमळ बसतं न बसतं तोच उलगडतं. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे साबुदाणा पारदर्शक होईपर्यंत शिजव, गाळ, नॅपकिन बुडवून पीळ आणि थोडे दमट असतानाच कडक इस्त्री मार. मग चारही कोपरे मध्यावर आण, परत एकदा आण. उलटं कर, तिसऱ्यांदा आण. आता ते चौदा सेंटीमीटरचं झालेलं असेल. मध्यावर पेला दाबून धर आणि प्रत्येक कोपऱ्याखाली दडलेलं टोक हळूच वर ओढ, त्या चार पाकळ्या. मग त्यांच्या मधून, खालूनच, आणखी चार. ओढताना पेला उचललास की सगळं सुटतं. कमळात विडा ठेव, लवंग टोचलेला त्रिकोणी. लाडू ठेवशील तर तूप कापडात उतरेल. विड्यात कात बेतानं घाल, बाहेर आला तर पांढऱ्या नॅपकिनवरचा डाग जात नाही. विडे करून ओल्या फडक्यात ठेव आणि ताटं वाढताना मांड.

नावांच्या चिठ्ठ्यांना तमालपत्र छान. रुंद, न मोडलेली पानं निवड, सोनेरी पेंट पेननं लिही, तासभर वाळू दे. अर्धं लिंबू पालथं ठेवून त्याला चीर दिली की पान उभं राहतं. चीर खोल नको, रस वर चढून पान मऊ पडतं. आणि नावं लिहू नकोस गं, "आजी", "मोठे काका", "जावईबापू" असं लिही, जास्त शोभतं.

केळीचं पान हवं असेल तर अख्खं पान महिरपीत बसत नाही. ताटाच्या आतल्या बाजूएवढं, साधारण 26 सेंटीमीटरचं गोल काप, मधली शीर टाळून. गॅसच्या ज्योतीवरून दोन-तीन सेकंद फिरव, रंग गडद होऊन पान लवचिक होतं, मग चिरत नाही.

जेवण झाल्यावर महिरपी लगेच ओल्या-कोरड्या फडक्यानं पुसून सावलीत वाळव. उभ्या ठेवू नकोस, वाकतात. प्रत्येकीमध्ये वर्तमानपत्र घालून आडव्या, साडीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात.

ताटाचा आणि टेबलाचा फोटो पाठव, पण शेजारी मोजपट्टी ठेवून. घरच्या सगळ्यांना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझी,
माधवी