खंडेराव मार्केटातल्या फुलवाल्या मासींना

प्रिय मासी,

जय श्रीकृष्ण.

तुम्हाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, हे मला माहीत आहे. पण तुमची नात शाळेत हिंदी शिकते, तिला अक्षरं लागतील. तिच्याकडून वाचून घ्या, अडलं तर मी आहेच. गेल्या शनिवारी मी मोगऱ्याच्या आइस्क्रीमबद्दल आभार मानायला आले तेव्हा तुम्ही हार ओवता ओवता म्हणालात, "मने शुं थेंक्यू? बधांने कहो के गजरो दूधमां ना नाखे." मला कसलं थँक्यू, सगळ्यांना सांगा की गजरा दुधात टाकू नका. म्हणून हे पत्र तुमच्या एकटीच्या नावानं असलं तरी सगळ्यांनी वाचावं असं लिहितेय.

माझी आई ८१ वर्षांची आहे. इथेच वडोदऱ्यात, दांडिया बाजारातल्या वाड्यात वाढली. त्या वाड्यात चैत्रगौरीचं हळदीकुंकू मोठं व्हायचं. भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी, आंब्याची डाळ, पन्हं, हातावर अत्तर आणि जाताना ओंजळीत मोगऱ्याच्या कळ्या. एका वर्षी तिच्या मामींनी मोगऱ्याचं आइस्क्रीम केलं होतं, लाकडी संच्यात. हँडल फिरवायला वाड्यातली सगळी मुलं पाळीनं बसली होती. या चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू झालं तेव्हा आईनं पन्ह्याचा पेला तोंडाला लावला, खाली ठेवला आणि म्हणाली, "मामींच्या आइस्क्रीमचा वास मला अजून येतो गं." गेली दोन वर्षं ती फार कशाची आठवण काढत नाही. खाण्यापिण्याचं तर नाहीच. त्यामुळे ते वाक्य मला सोडवेना.

दुसऱ्याच दिवशी मी करायला घेतलं. दूध उकळलं, दोन गजरे सोडून फुलं त्यात टाकली, झाकण ठेवलं. पाच मिनिटांत घरभर उकडलेल्या पालेभाजीचा वास सुटला. दूध चाखलं तर जिभेवर कडसर चव राहिली. मग बाटलीतला अर्क आणला. त्याचे चार थेंब पडले आणि उदबत्तीचं पाकीट उघडल्यासारखं झालं. आईनं चमचा तोंडात घातला, माझं मन राखायला गिळला, आणि वाटी हळूच बाजूला सरकवली.

तिसऱ्या खेपेला मी तुमच्याकडे आले आणि एकदम सहा गजरे मागितले. घरात काय कार्यक्रम आहे म्हणून तुम्ही विचारलंत. दुधात घालायचेत म्हटल्यावर तुम्ही बांधलेला पुडा माझ्या हातातून परत घेतलात. "आ गजरो खावा माटे नथी, बेन. माथामां नाखवा माटे छे." गिऱ्हाईक समोर उभं असताना माल परत घेणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. मग तुम्ही समजावून सांगितलंत. हारागजऱ्यासाठी लावलेल्या फुलांवर किडीची औषधं मारतात, कारण ती कुणाच्या पोटात जायची नसतात. वर टवटवीत दिसावीत म्हणून दिवसभर पाणी शिंपडायचं, ते कुठल्या बादलीतलं असेल याचाही भरवसा नाही. आणि सकाळी ओवलेलं फूल संध्याकाळपर्यंत निम्मा वास देऊन बसलेलं असतं.

मग मी उकळण्याची गोष्ट सांगितली. तुम्ही सुई खाली ठेवलीत आणि म्हणालात, "घरे माटलामां मोगरो नाखो छो ने? माटलुं चूला पर मूको छो?" घरी माठात मोगरा टाकता ना, मग माठ चुलीवर ठेवता का?

मासी, हे वाक्य मी त्या दिवसापासून किती जणांना सांगितलं असेल! आमच्या आज्यांनी, आयांनी, मी स्वतः दर उन्हाळ्यात माठात मोगऱ्याची फुलं आणि वाळ्याची जुडी टाकली आहे. माठाचं गार पाणी प्यालं की घशाखाली वास उतरतो. फुलाचा वास गार ठिकाणीच काढून घ्यायचा असतो, हे माझ्या हाताला माहीत होतं, आणि तरी मी दूध उकळत बसले होते. मोगऱ्याचा वास नाजूक असतो, उष्णतेनं उडून जातो. मागे उरतो तो शिजलेल्या पाकळीचा आणि देठाचा हिरवट कडूपणा. पालेभाजीचा वास तोच होता.

तुम्ही घरच्या झाडांच्या कळ्या देते म्हणालात. दुपारी तीनला ये, डबा घेऊन ये, पिशवी नको. मी डबा विसरले तर तुम्ही तुमचाच दिलात, तळाशी ओलं मलमल अंथरून. त्या कळ्या मी रिक्षात झाकण उघडून पाहिल्या. टपोऱ्या, पांढऱ्या, टोकाशी जराशा हिरवट, घट्ट मिटलेल्या. वास जवळजवळ नाहीच. मला वाटलं, फसले. तुम्ही बजावलं होतं की सात वाजेपर्यंत हात लावायचा नाही. मी ताटात ओल्या फडक्यावर त्या पसरल्या आणि देवघरापाशी ठेवल्या. दिवेलागणीच्या सुमाराला एक कळी टोकाशी सैल झाली, मग तिच्या शेजारची. आई खुर्ची ओढून ताटासमोर बसली होती. साडेसातला स्वयंपाकघरापर्यंत वास आला, आठला सगळं ताट उमललेलं. तोडलेली कळीसुद्धा आपल्या वेळेला उमलते आणि उमलताना वास सोडत राहते, हे मी वयाची पन्नाशी ओलांडल्यावर पाहिलं.

पुढची कृती मी लिहून ठेवली आहे, तुम्ही सांगितलीत तशी, माझ्या मापांसह. ३०० मिली गार साय किंवा बाजारचं क्रीम, त्याला पन्नासेक फुलं. प्रत्येक फुलाचा हिरवा देठ खुडून टाकायचा. यात कंटाळा केला की कडवटपणा आलाच. फुलं क्रीममध्ये अलगद बुडवायची, चुरडायची नाहीत. डब्याला घट्ट झाकण लावून तो बर्फाच्या परातीत ठेवायचा. झोपायच्या आधी ती फुलं गाळून काढायची, उरलेली ताजी घालायची आणि डबा रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी पुन्हा गाळायचं. फुलं दोनदा घालायची, हे तुम्ही तीन वेळा सांगितलंत आणि त्यानंच फरक पडला.

दूध न घेता सायच का, हे मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात की वास चिकटायला स्निग्धपणा लागतो. अगदी बरोबर आहे. लोण्याशेजारी चिरलेला कांदा उघडा राहिला की सकाळी लोणी खाववत नाही, हे प्रत्येक बाईनं अनुभवलेलं असतं. स्निग्ध पदार्थ वास धरून ठेवतो. कनौजकडे फुलेल, म्हणजे फुलांचं सुगंधी तेल, करतात तेही असंच, तीळ आणि चमेलीच्या फुलांचे थर लावायचे, फुलं बदलत राहायची, मग त्या तिळांचं तेल काढायचं. तेल आधीच सुगंधी झालेलं असतं. चीनमध्ये मोगऱ्याचा चहा करतात तोही रात्री उमलणारी फुलं चहाच्या पत्तीत मिसळून. म्हणजे तुमच्या अंगणातली युक्ती किती लांबलांबच्या लोकांनी आपापल्या घरी शोधून काढली आहे!

बाकीचं काम सोपं होतं. एक लिटर म्हशीचं दूध आटवून पाऊण लिटर केलं, त्यात १५० ग्रॅम साखर आणि तीन चमचे दुधाची पावडर घातली, पार गार होऊ दिलं, आणि मगच मोगऱ्याचं क्रीम मिसळलं. दूध कोमट असताना मिसळलं असतं तर रात्रीची सगळी मेहनत वाफेवर गेली असती. मिश्रण चाखताना वास आणि गोडी जराशी जास्त वाटायला हवी, कारण गोठल्यावर जीभ गार पडते आणि दोन्ही कमी लागतात.

संचा शेजारच्या काकांच्या माळ्यावर होता. दोन दिवस खोबरेल तेल सोडून हँडल मोकळं केलं. बर्फ तीन वाट्यांना खडे मीठ एक वाटी, असे थर लावले. माझ्या भाचीनं विचारलं, मीठ कशाला, आइस्क्रीम खारट होईल ना? तिला सांगितलं की नुसता बर्फ शून्य अंशावर असतो, आणि साखर घातलेलं दूध गोठायला त्याच्याहून दोनतीन अंश खाली जावं लागतं. मीठ पडलं की बर्फ वितळू लागतो, वितळायला लागणारी उष्णता आसपासून ओढून घेतो आणि शून्याच्या पुष्कळ खाली उतरतो. मीठ आणि बर्फ अगदी योग्य प्रमाणात असतील तर उणे २१ पर्यंत. तिनं परातीतल्या खाऱ्या पाण्याला बोट लावून पाहिलं आणि किंचाळून मागे घेतलं. मग अर्धा तास तिनंच हँडल फिरवलं. फिरवणं थांबलं की बर्फाचे कण मोठे होतात आणि आइस्क्रीम करकरीत लागतं, म्हणून थांबू नकोस म्हटलं, तर दात ओठ खाऊन फिरवत राहिली. शेवटी शेवटी हँडल जड झालं तेव्हा आई आतून म्हणाली, "आता झालं. मामी म्हणायच्या, मुलं रडकुंडीला आली की आइस्क्रीम झालं."

त्याच वेळी भाची अंगणातून वाटी सजवायला पिवळ्या फुलांची ओंजळ घेऊन आली. ती पिवळी कण्हेर होती. तुम्ही बजावलं होतं म्हणून माझं लक्ष गेलं, नाहीतर सुंदर दिसतायत म्हणून मी वर ठेवलीही असती. कण्हेर पांढरी, गुलाबी, पिवळी कुठलीही असो, विषारी असते, आणि देवाला चालते म्हणून ताटात चालते असं नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येकीनं घरातल्या पोरांना आजच सांगावं. मोगरा आणि देशी गुलाब, तेही औषध न मारलेले, एवढ्यावर थांबलं तरी पुष्कळ आहे.

आईनं पहिला चमचा तोंडात घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामींचं इतकं गोड नव्हतं." मी म्हटलं, पुढच्या वेळी साखर कमी करीन. तिनं दुसरा चमचा घेतला, डोळे मिटले आणि सांगू लागली. संचा चौकात नळापाशी ठेवला होता. बर्फ गोणपाटात गुंडाळून आणला होता आणि तिच्या मोठ्या भावानं तो मोगरीनं फोडला. तिचा नंबर सातवा होता, आणि तिच्या वाटणीला हँडल इतकं जड आलं होतं की मामींनी तिच्या हातांवर आपले हात ठेवून फिरवलं. मामींच्या हातांना मोगऱ्याचा वास येत होता. हे तिनं मला पन्नास वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. वाटी तिनं चाटूनपुसून संपवली.

पुढच्या आठवड्यात तुम्ही गुलाबही दिलेत. पहाटे खुडलेले, कारण ऊन चढलं की वास उतरतो. त्याची तऱ्हा निराळी. पाकळीचा बुडाचा पांढरा भाग काढायचा, नाहीतर कडू लागतो, आणि पाकळ्या साखरेबरोबर हातानं चोळून चारपाच तास ठेवायच्या, गुलकंदाची सुरुवात असते तशा. गुलाबाच्या वासातला मोठा भाग पाण्यातही उतरतो, म्हणून तर गुलाबपाणी होतं, त्यामुळे इथे सायीची वाट पाहावी लागत नाही. दुधात पडल्यावर रंग मात्र राखट जांभळा झाला आणि मी घाबरून तुम्हाला विचारायला आले. तुम्ही म्हणालात, गुलाबी हवं असेल तर बाजारचं आणा. खरं आहे. गुलाबाचा लाल रंग आंबट ठिकाणी टिकतो, दुधात नाही. आम्ही ते तसंच खाल्लं आणि चवीला काही कमी नव्हतं.

मासी, तुम्ही त्या दिवशी सहा गजरे विकू शकला असता. मीही ते घेऊन गेले असते, आणखी एकदा दूध वाया घालवलं असतं आणि नाद सोडून दिला असता. तुम्ही धंद्याची वेळ मोडून मला बसवलंत, घरच्या कळ्या दिल्यात, त्यांचे पैसे घेतले नाहीत. गुलाबांचे घेतलेत तेही मी हट्ट केला म्हणून. माझ्या आईला तिची मामी एका दुपारपुरती परत मिळाली, ती तुमच्यामुळे. त्यासाठी मी तुमची मनापासून ऋणी आहे.

तुमचा डबा अजून माझ्याकडे आहे. मलमल धुऊन इस्त्री करून आत ठेवलंय. परवा तुम्ही म्हणालात की मोगऱ्याचा बहर आता उतरतोय, फार तर आणखी दोन खुडण्या. त्यातली एक मला द्या. साखर कमी घालून करीन, आणि शनिवारी दुपारी तुमच्या डब्यात भरून, बर्फात ठेवून घेऊन येईन. आईसुद्धा येणार म्हणतेय. तिच्यासाठी एक स्टूल काढून ठेवाल का?

तुमची,
सहा गजरेवाली बेन
वडोदरा