रापणीपुरताच गेम कर

वेंगुर्ले

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

पत्रासोबत तू पाठवलेला तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाचा आराखडा मी सावकाश वाचला. वेंगुर्ल्यापासून मालवणापर्यंतचा किनारा, रापण म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून सगळ्यांनी मिळून करायची मासेमारी, सिंधुदुर्ग किल्ला, वादळ, मासळीबाजार आणि दशावतारी नाटक असे सगळे एकाच व्हिडिओ गेममध्ये आणण्याचा तुझा मनसुबा आपल्या मुलुखाच्या ओढीतून आला आहे, याचा मला फार आनंद वाटतो. तरीही माझे स्पष्ट मत असे की, यातली फक्त रापण ठेव आणि बाकीचे सारे बाजूला काढ.

रापणीत जाळ्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेत जाळे टाकते, दुसरे टोक दूरवर किनाऱ्याला आणते, आणि मग दोन्हीकडची माणसे एका लयीत ओढू लागतात. मिळालेली मासळी शेवटी सगळ्यांत वाटली जाते. खेळाडूने काय करायचे, त्यात अडचण कोणती आणि जमले तर हाती काय येते, हे सारे तेथे मुळातच आहे. दोन खेळाडूंना एकमेकांची ओढ सांभाळावी लागेल, एवढ्या एकाच नियमातून तुझा गेम उभा राहू शकतो. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा या पत्त्यांच्या खेळाची पाने 120 असली, तरी त्याची रंगत पानांच्या संख्येत नाही. राजा आणि वजीर यांच्या खालच्या पानांत, दहांपैकी पाच रंगांत दश्शी वरचढ आणि उरलेल्या पाचांत एक्का वरचढ. दिवसा पहिली उतारी रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याची, तर रात्री कृष्णाचा राजा असेल त्याची. अशा नेमक्या नियमांनी डाव बदलतो.

गणिताकडे मात्र दुर्लक्ष करू नकोस, आणि हे मी केवळ गणित शिकवते म्हणून सांगत नाही. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे पडद्यावरची 60 चित्रे, हव्यात, तर एका फ्रेमला सुमारे 16.7 मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्यात जाळ्याच्या गाठीगाठीवरची ओढ काढून, गाठी सरकवून, चित्रही उमटवायचे असते. गेम बनवण्याची तयार इंजिने आहेत, त्यांतले युनिटी घे किंवा गोडॉट, दोर जोडण्याची सोय इंजिन देईल, पण ओढ खोटी का वाटते हे तुलाच शोधावे लागेल, आणि त्यासाठी व्हेक्टर, म्हणजे किती आणि कोणत्या दिशेने हे दोन्ही सांगणाऱ्या राशी, पक्के हवेत.

रंगरूपाच्या मागे लागण्याआधी साध्या राखाडी चौकोनांवर गेम खेळता येईल असा कर. ज्यांनी रापण कधी पाहिलेली नाही अशा वर्गमित्रांच्या हाती तो दे, आणि ते खेळत असताना एक शब्दही न सांगता त्यांचे हात कोठे अडतात ते टिपून ठेव. ही सवय चार वर्षांत लागली, तर पदवीचे चीज झाले असे मी समजेन.

पहिला बिल्ड, म्हणजे खेळता येईल अशी गेमची आवृत्ती, तयार झाला की इकडे पाठव. मी आणि तुझे बाबा दोन टोके धरून खेळून पाहू. गणपतीला येशील तेव्हा रापण ओढली जात असेल, तर ओढणाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून ने.

तुझी,
आई