मोलेची ओळख धबधब्यापुरती नको

महोदय,

गोव्यातील मोले राष्ट्रीय उद्यानावरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. छायाचित्रे सुरेखच आहेत, पण लेख दूधसागर धबधब्यापाशीच थांबला याची खंत वाटते. याच अरण्याच्या कुशीत, तांबडी सुर्ल्याला, कदंब राजघराण्याच्या काळातले महादेवाचे देऊळ आहे. आपल्या नेहमीच्या जांभ्याऐवजी ते काळ्या बेसाल्टमध्ये घडवलेले आहे. मंडपाच्या छतावर कोरलेले कमळ तर डोळे भरून पाहावे असे. गोव्यात इतकी जुनी देवळे फारच थोडी उरली. घाटाच्या पायथ्याचे दाट रान आड आले म्हणूनच हे टिकले, असे मला ठामपणे वाटते. म्हणजे इथे रान राखणे आणि देऊळ राखणे ही एकच जबाबदारी आहे.

याच जंगलातून जाणाऱ्या कॅसलरॉक-कुळे रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. तेव्हा जंगलाला उसंत मिळाली. वन आणि पुरातत्त्व खात्यांनी आता उद्यान व देऊळ यांच्या जतनाचा एकत्रित आराखडा करावा. कुळ्याला दूधसागरच्या जीपसाठी थांबणाऱ्या पर्यटकांनाही या देवळाची माहिती तिथेच मिळायला हवी.

– एक वाचक, फोंडा