पणजोबांचे पदक नेमके कोणते?

मा. संपादक,
स. न.

नाशिकरोड-देवळाली भागात पेटीतून चांदीचे गोल पदक निघाले की ‘पणजोबांचे शौर्यपदक’ म्हणून त्याचा फोटो फिरू लागतो. त्यातली बरीचशी पदके दीर्घ सेवेची असतात. पदक उलटे करून पाहावे. मधोमध ‘इंडिया’, भोवती झावळ्यांचे कडे, सगळ्यांत बाहेर कमळाची फुले-पाने आणि या दोहोंच्या मधल्या गोलात दीर्घ सेवा व सदाचरणाबद्दलचा इंग्रजी मजकूर असेल, तर ते ब्रिटिश अमदानीत १८८८ पासून हिंदी (म्हणजे भारतीय) शिपायांना मिळू लागलेले पदक. गोऱ्या शिपायांच्या १८३०च्या पदकावर शस्त्रांची रास होती. या मागच्या बाजूवर एकही हत्यार नाही.

घोटाळा फितीमुळेही होतो, आणि तो जुना आहे. या पदकाची फीत मुळात साधी किरमिजी होती, व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिश शौर्यपदकाचीही तशीच. पदकाऐवजी नुसती फितीची पट्टी छातीवर लावली की फरक कळेना. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या काळात दीर्घ सेवेच्या पदकाच्या फितीला दोन्ही कडांना पांढऱ्या रेघा आल्या.

पदक कुणाचे, हे त्याच्या कडेवर कळते. तिथे नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. दसऱ्याला भांड्यांबरोबर चिंच किंवा पितांबरी लावून पदक घासले की आधी हीच अक्षरे झिजतात. सराफाकडचे बफ (पॉलिशचे फिरते चाक) तर ती साफ सपाट करते. काळपटपणा राहू द्यावा. धूळच फार असेल तर फीत काढून (ओली झाली की किरमिजी रंग सुटतो) कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून मऊ सुती कापडाने टिपावे आणि पुरते वाळवावे. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नये, दमट हवेत धातूवर चिकट हिरवट थर धरतो. पुसट अक्षरांवर बाजूने तिरपा टॉर्च मारावा आणि पदक फिरवत कडेचे चार-पाच फोटो काढावेत. नावाचे स्पेलिंग आजच्यासारखे नसेल, तेव्हा नुसत्या आडनावावर न जाता नंबर जपून उतरवावा.

स्वातंत्र्यानंतरची पदके वेगळी. ९ आणि २० वर्षांच्या सेवेची पदके १९७१ची, ३० वर्षांचे १९८०चे. ती तांबे-निकेलची असतात. सराफाने ‘ही चांदी नाही’ म्हटले, म्हणून पदक नकली ठरत नाही.

– एक वाचक, देवळाली कॅम्प, नाशिक