शुल्क आधी, सौदा नंतर?

‘शेतमाल विक्रीची नोंद संकेतस्थळावर टाकण्यापूर्वी सशुल्क वार्षिक सदस्यत्व सक्तीचे’ ही बातमी वाचली. बनावट नोंदी थांबतील, हे त्यासाठी दिलेले कारण पटत नाही. वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदाराला नोंद टाकायची असते वर्षातून एकदा, फार तर दोनदा: आंबिया बहराची फळे दिवाळीच्या आसपास, मृग बहराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. दलाल मात्र रोज टाकतो. त्याचे शुल्क केव्हाच वसूल. म्हणजे या चाळणीतून गळणार तो खरा शेतकरीच. खोटी नोंद पकडायची तर ई-पीक पाहणी (शेतकऱ्याने मोबाइलवरून केलेली सातबाऱ्यावरची पीकनोंद) ताडून पाहावी; तिथे गट क्रमांक, पीक, क्षेत्र, शेतातला फोटो सगळे असते. केंद्राच्या २०१६ पासूनच्या ई-नाम या ऑनलाइन शेतमाल बाजारावर शेतकऱ्याची नोंदणी मोफत आहे. शुल्क घ्यायचेच तर सौदा झाल्यावर, काटापट्टीवरच्या वजनाप्रमाणे घ्या.

– एक वाचक, वरुड (जि. अमरावती)